डिकीतला प्रवासी

गाड्यांना डोळे आले तेव्हा कुणी तक्रार केली नाही. कान आले, तेव्हाही नाही. आडवं आलेलं कुत्रं ओळखणारी, खड्डा चुकवणारी, 'फाट्यावर उतरायचंय' म्हटलं की नेमकी फाट्यावरच थांबणारी बिनड्रायव्हरची गाडी लोकांनी बघता बघता घरच्या म्हशीसारखी आपली म्हटली. घोळ झाला तो सरकारनं गाडीला नाक बसवलं तेव्हा.

त्याचं असं झालं. ड्रायव्हर गेला, तसं गाडीत पिऊ नये असं सांगणारं कारणही गेलं, असा लोकांनी सोयीस्कर अर्थ लावला. चालवणारं कुणी नाही, म्हणजे झिंगायला सगळे मोकळे! कराड-कोल्हापूर रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी गाड्या कमी आणि चालते बार जास्त, अशी गत झाली. कुणी खिडकीतून बाटली भिरकावली, ती मागच्या स्कूटरवाल्याच्या हेल्मेटवर फुटली. वऱ्हाडातल्या एका व्याह्यानं तर गाडीशीच मानापानाचं भांडण काढलं आणि रागाच्या भरात ग्लास तिच्या पॅनेलवर ओतला. ती गाडी म्हणे पुढं कित्येक दिवस सरळ रस्त्यावरही झुकांड्या देत होती.

मग कायदा झाला. गाडीला ड्रायव्हर असो वा नसो, बसणाऱ्याच्या हाताशी दारूची उघडी बाटली ठेवता येणार नाही. बूच शाबूत असेल तर हरकत नाही. फोडलेलं असेल तर बाटली मागं डिकीत जाईल. ती डिकीत जात नाही तोवर गाडी जवळची सुरक्षित जागा बघून थांबेल आणि जागची हलणार नाही.

आता ही बाटली सापडायची कशी? लोक ती पाण्याच्या बाटलीत ओततात, थर्मासात भरतात, नारळाच्या पाण्यात मिसळतात. म्हणून नाक. छपराला काडेपेटीएवढी डबी. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश गाडीतल्या हवेतून आरपार जातो आणि दारूची वाफ त्या प्रकाशातला ठरावीक भाग गिळते. जेवढा प्रकाश गिळला, तेवढी वाफ. हिशेब सोपा. अडचण पुढची होती. पिऊन घरी निघालेल्या माणसाच्या श्वासातही हीच वाफ. त्याला गाडीनं अडवलं तर तो मोटरसायकल काढणार आणि कुणाला तरी उडवणार. म्हणजे प्यालेला माणूस चालेल, उघडी बाटली चालणार नाही. दोन्हीतला फरक नाकाला कसा शिकवायचा?

शास्त्रज्ञांनी तोही शिकवला. पोटात गेलेली दारू एकदा रक्तात उतरली की यकृत ती हळूहळू जाळत राहतं, त्यामुळं प्यालेल्याचा श्वास घटकेघटकेला हलका होत जातो. शेवटचा घोट जिरेपर्यंतची सवलत दिली, की मग उतरत जाणारा वास म्हणजे पिऊन आलेला माणूस आणि चढत जाणारा वास म्हणजे इथं, या क्षणी, कुणीतरी पितोय. पितोय म्हणजे बाटली आहे. बाटली आहे म्हणजे उघडी आहे. तर्क इतका चोख की शंकेला म्हणून जागा उरली नव्हती.

हिंदुराव कणसे नेमके त्या न उरलेल्या जागेत जाऊन बसले.

हिंदुराव हे कराडच्या पश्चिमेला घाटाखाली असलेल्या आंबेखिंडीचे. साठी उलटलेली, ऊस थोडा, बोलणं त्याहून थोडं. आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब चाखला नव्हता. त्यामागं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं, शालन होती. मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांची बशी हातात देऊन सगळ्यांनी विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का?" मुलीनंच उलट विचारलं, "घेता का?" हिंदुराव घाबरून म्हणाले, "न्हाय." मुलगी म्हणाली, "ज्या दिवशी घ्याल, त्या दिवशी मी घरात नसंन." तिच्या बापानं जमीन, बैल आणि शेवटी स्वतःला बाटलीत बुडवलं होतं. हिंदुरावांनी तेव्हापासून खोकल्याचं औषधही वासाच्या भीतीनं घेतलं नाही.

आणि शालनवहिनी? गाड्यांना नाक बसायच्या आधी आंबेखिंडीला नाक होतं, ते शालनवहिनींचं. संध्याकाळी चावडीपाशी पुरुषांना उभं करून "हा कर" म्हणायच्या. भलेभले पैलवान 'हाऽ' करताना लटपटायचे. "घेतली न्हाय, आईची शप्पथ," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "शप्पथ जिभेवर असती, वास पोटातनं येतो."

त्यांच्याच खटपटीनं आज गावात बाटलीचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. जी बाई मताला आलीच नाही, ती उभीच्याच पारड्यात पडल्यासारखी. आदल्या दिवशी कोल्हापुरात लेकीच्या बाळाचं बारसं होतं, ते उरकून नवराबायको दुपारच्या गाडीनं परत निघाली होती. वेळेत पोचणं भाग होतं.

गाडी सहा जणांची, बसलेले तिघंच. तिसरे होते आबा शिणगारे. आंबेखिंडीच्या फाट्यावरचं 'हॉटेल निसर्ग, परमिट रूम' त्यांचं, म्हणजे आज आडवी व्हायची किंवा उभी राहायची ती बाटली त्यांचीच. त्या दुःखात त्यांनी कोल्हापुरात दुपारीच दोन पेग लावले होते आणि आता ते मागच्या सीटवर बसून सगळ्या जगाला माफ करत होते.

"वहिनी, निकाल काय बी लागू दे. तुमच्याबद्दल आपल्याला आदर हाय."

"आदर तिकडं खिडकीकडं तोंड करून करा," शालनवहिनी नाकाला पदर लावून म्हणाल्या.

हिंदुरावांचं दोघांकडंही लक्ष नव्हतं. त्यांना पुन्हा तसं व्हायला लागलं होतं. गेल्या हिवाळ्यात तोडलेल्या उसाचं धारदार खोड त्यांच्या पायात घुसलं, जखम चिघळली आणि महिनाभर जालीम गोळ्यांचा मारा झाला. जखम बरी झाली, पण त्यानंतर हे सुरू झालं. जेवलं की डोकं हलकं व्हायचं, भिंती पाण्यात सोडल्यासारख्या डुलायच्या, बोलायला जावं तर शब्द बाजूनं निसटायचे. शालनवहिनींनी निदान केलं, अशक्तपणा. उपचारही घरचाच, गूळ. सकाळी भाकरीबरोबर वाटीभर काकवी, दुपारी गूळ-शेंगदाणे, रात्री लाडू. डोकं जास्त फिरलं की गूळ जास्त. गूळ जास्त झाला की डोकं आणखी फिरायचं. मग आणखी गूळ.

"आवं, डोळं का असं झालं?" त्यांनी विचारलं आणि बारशाच्या टोपलीतून बुंदीचा लाडू काढून नवऱ्याच्या हातात दिला. "खावा. सकाळपास्नं दोनच खाल्ल्यात."

हिंदुरावांनी खाल्ला. घाट चढायला लागला. आणि वरच्या वळणावर, वडाच्या झाडाखालच्या मोकळ्या जागेत, गाडी हळूच बाजूला येऊन थांबली.

"माननीय प्रवासी," गाडी म्हणाली. तिचा आवाज साखर घोळल्यासारखा होता. "गाडीत उघडी बाटली आहे. कृपया ती डिकीत ठेवावी. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

शालनवहिनी वळल्या. "आबासाहेब, काढा."

"काय काढा? वहिनी, माझी पोटात हाय! ती डिकीत कशी ठेवू?"

खिसे झाले, पिशव्या झाल्या, सीटखाली हात घालून झाले. पाण्याच्या बाटलीत पाणीच निघालं. काकवीची बाटली निघाली, ती शालनवहिनींनी बूच काढून हुंगली, काकवीच होती, तरीही डिकीत टाकली. गाडी हलेना. शेवटी शालनवहिनींनी सगळ्यांना खाली उतरवलं, दारं उघडी टाकून हवा खेळवली आणि म्हणाल्या, "आता एकेकानं बसायचं."

आधी त्या स्वतः बसल्या. बराच वेळ गेला, गाडी गप्प. मग आबा बसले.

"प्रवाशाने मद्यपान केलेले आहे," गाडी म्हणाली. "प्रवासास हरकत नाही. भरपूर पाणी प्यावे."

"बघा!" आबा खिडकीतून ओरडले. "सरकारमान्य!"

मग हिंदुराव बसले. त्यांना का कोण जाणे, परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं आणि पेपर कुठल्या विषयाचा हेच माहीत नव्हतं. वाट बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला, तशी शालनवहिनींनी सवयीनं खिडकीतून आणखी एक लाडू पुढं केला. तो संपून बराच वेळ झाला आणि गाडी अगदी मायेनं म्हणाली, "गाडीत उघडी बाटली आहे."



शालनवहिनी दाराशी आल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे शब्द घरात कधी उच्चारले नव्हते.

"हा करा."

"शालन..."

"हा करा म्हणते ना."

हिंदुरावांनी तोंड उघडलं. "हाऽ."

त्या वाकल्या आणि एकदम मागं झाल्या. लहानपणी बापाच्या अंथरुणाला यायचा तो वास. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. दुसऱ्या कशातही झाली असती, यात नाही.

"कधीपास्नं?" त्यांनी हळू विचारलं.

"मी... न्हाय गं. शप्पथ."

पुढचं वाक्य दोघांनाही पाठ होतं, म्हणून ते कुणी बोललं नाही.

आबांनीच गाडीचं लाल बटण दाबून कंट्रोल रूमला लावलं. पडद्यावर एक तरुण बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, आकडे बघितले आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, गाडी सुरू झाल्यापासून तुमच्या श्वासातलं प्रमाण वाढतंच आहे. प्यालेल्या माणसाचं कमी होतं. वाढायचं तर वरून भर पडावी लागते. तुम्ही प्रवासात घेताय, सर."

"कुठून घेतोय?" हिंदुरावांनी कळकळीनं विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते तुम्हालाच माहीत असणार ना, सर."

"दुसरी गाडी पाठवा," शालनवहिनी म्हणाल्या.

"पाठवते, मॅडम. पण नाक सगळ्याच गाड्यांना आहे. बाटली डिकीत ठेवा, ही गाडी लगेच निघेल."

पडदा विझला. घाटात चिटपाखरू नव्हतं. ऊन कलत होतं आणि खाली, दोन डोंगरांच्या फटीत, आंबेखिंडीच्या शाळेचं निळं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. तिथं बायकांची रांग लागलेली असणार आणि जी ती दुसरीला विचारत असणार, शालनकाकी कुठंय?

"तुम्ही दोघं जा," हिंदुराव म्हणाले. "मी चालत येतो."

"या पायानं?" शालनवहिनींनी विचारलं. त्या रागातही त्यांना तो पाय आठवला, याचं हिंदुरावांना बरं वाटलं. मग त्यांना आपल्याच डोक्यात काहीतरी लख्ख सापडल्यासारखं झालं. त्या अवस्थेत माणसाला पुष्कळ गोष्टी लख्ख सापडतात.

"बाटली डिकीत ठेवा म्हणतीय ना ती? मग मलाच डिकीत घाला."

आबांनी टाळीच वाजवली. "वा! ह्याला म्हणत्यात कायदेशीर मार्ग!"

शालनवहिनी हसल्या नाहीत. त्यांनी डिकी उघडली, काकवीसकट सगळं सामान पुढं आणलं, मग नवऱ्याला उभं करून चाचपलं, जसं गावातल्या बाकीच्यांना चाचपायच्या. कंगवा, रुमाल, अडकित्ता. दुसरं काही नाही. हिंदुराव पाय मुडपून आत आडवे झाले. झाकण लावता लावता त्या थांबल्या, पुढच्या सीटवरची लाडवांची टोपली त्यांच्या उशाशी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "चक्कर आली तर खावा." मग तोंड फिरवून, "बाकी घरी गेल्यावर बोलू. शेवटचंच."

झाकण लागलं. आतून गाडीचा आवाज घुमला, "बाटली डिकीत ठेवल्याबद्दल धन्यवाद." आणि गाडी निघाली.

अंधारात हिंदुरावांनी स्वतःची उलटतपासणी घेतली. मी पितो का? पीत असेन तर कधी? झोपेत? झोपेत उठून फाट्यापर्यंत जाऊन येतो का? मग चपलांना चिखल नको का? काल बारशाच्या सरबतात कुणी काही घातलं असेल? पण मग सगळेच झिंगले असते, बाळाच्या आत्या तर तिसऱ्यांदा ग्लास भरून घेत होत्या. यंत्र खोटं बोलत नाही. शालनचं नाक तर यंत्राहून जुनं. दोघांची साक्ष एक आणि आपली एकट्याची दुसरी. मग आपलीच खोटी असणार. पण खोटी साक्ष देणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं! आपल्याला तेही नाही.

विचारानं डोकं गरगरलं, म्हणून त्यांनी लाडू खाल्ला. गरगर वाढली, म्हणून दुसरा खाल्ला. वळणावळणाच्या घाटात, काळोखात, हात टोपलीत जात राहिला. थोड्या वेळानं त्यांना डिकीला छप्पर आहे की नाही याची खात्री वाटेना. मग खात्रीची गरजही वाटेना. बाळ फार गोड होतं, एवढं एकच सत्य उरलं आणि ते त्यांना कुणाला तरी गाऊन सांगावंसं वाटू लागलं.

शालनवहिनींचा बेत होता की आधी घरापाशी थांबून झाकण उघडावं. पण गाडीला सांगितलेला थांबा शाळेचा होता. ती थेट फाटकातून आत गेली, बायकांच्या रांगेसमोर नेमकी उभी राहिली आणि म्हणाली, "अंतिम थांबा. कृपया सामान उतरवून घ्यावे." डिकीचं झाकण आपोआप वर गेलं.

आतून पाळण्याचे सूर आले. मग एक पाय आला, मग दुसरा, आणि मग सदऱ्यावर बुंदीचे दाणे मिरवत हिंदुराव कणसे बाहेर आले. रांगेला वाकून नमस्कार केला, तोल गेला, सावरले आणि म्हणाले, "पोरीला पोरगं झालंय. सगळ्यांनी या."

रांगेच्या शेवटी कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू पुढं पुढं सरकत आलं.

"काकींचा माल डिकीतनं आला गं!"

शालनवहिनी तिकडं बघतही नव्हत्या. त्या डिकीत गुडघ्यांवर चढल्या होत्या. कोपरे चाचपले, चटई उचलली, सुट्या चाकाच्या खाली हात घातला. बाटली नाही, फुगा नाही, नळी नाही. रिकामी टोपली तेवढी. त्या टोपलीकडं बघत राहिल्या. झाकण त्यांनी लावलं होतं, खिसे त्यांनी तपासले होते. माणूस आत गेला तेव्हा चार शब्द सरळ बोलत होता, बाहेर आला तो असा. मधे फक्त लाडू होते, आणि ते त्यांनीच दिले होते.

त्या खाली उतरल्या आणि रांगेकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "ह्यांनी घेतलेली न्हाय."

आता हसू थांबलं. रांगेतून वैजयंता पुढं आली. तिच्या नवऱ्याला शालनवहिनींनी चावडीपाशी तीनदा उभं केलं होतं.

"काकी, मी बी असंच म्हणले होते तुम्हाला. तुम्ही काय म्हणाला होता? दारुड्याची बायको सगळ्यात आधी खोटं बोलायला शिकती."

शालनवहिनींनी रांगेवरून नजर फिरवली. बापाच्या वेळी लोक आईकडं ज्या नजरेनं बघायचे, ती नजर त्यांना रांगभर दिसली आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की आपण ती किती जणींवर टाकली असेल.

शाळेला लागूनच आरोग्य उपकेंद्र होतं. गलका ऐकून डॉक्टर मुल्ला बाई बाहेर आल्या. त्यांनी हिंदुरावांना पायरीवर बसवलं, फुंकायच्या यंत्रात फुंकायला लावलं, आकडा बघून भुवया चढवल्या आणि विचारलं, "मामा, पायाला किती दिवस गोळ्या घेतल्या होत्या?"

"महिनाभर," शालनवहिनी म्हणाल्या.

"आणि खाण्यात काय असतं?"

शालनवहिनींनी सांगितलं. काकवी, गूळ, लाडू, पुन्हा गूळ. डॉक्टर बाईंचा चेहरा बघता बघता बदलला.

"मामी, आपल्या आतड्यात चांगले जंतू असतात. ते वाईटांना दाबून ठेवतात. महिनाभराच्या गोळ्यांनी चांगले मेले असतील, मोकळ्या जागेत यीस्टनं ठाण मांडलं असेल. यीस्ट म्हणजे ज्यानं दारू आंबवतात ते. त्याला गोड मिळालं की ते त्याची दारू करतं. पोटातल्या पोटात. फार क्वचित होतं, पण होतं. माणूस थेंब न पिता झिंगतो."

"म्हंजे," आबा मागून म्हणाले, "भट्टी ह्यांच्या पोटात, आणि कच्चा माल वहिनी पुरवणार!"

शालनवहिनी पायरीवर नवऱ्याशेजारी बसल्या.

"पण हा माझा अंदाज आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "सिद्ध करायचं तर आत्ताच कराडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, अजून चढतंय तोवर. शिवाय हे असंच वाढलं तर शुद्ध जाईल. आणि कुणीतरी डोळ्यात तेल घालून बरोबर हवं, वाटेत तोंडात काही गेलं नाही असं सांगणारं. नाहीतर कागदावर 'मद्यपी' एवढंच लागेल. अँब्युलन्स बाळंतिणीला घेऊन गेलीय, ती इतक्यात येत नाही."

"मी जाते की," शालनवहिनी उठल्या.

"बायकोची साक्ष कोण धरंल?" आबांनी विचारलं. त्यांची आता बरीच उतरली होती. "तुम्हीच गावाला शिकवलंय, वहिनी. मी बी येतो. परमिट रूमवाला म्हणला की 'हा माणूस प्यायलेला न्हाय', तर देवाला बी मानावं लागंल."

शालनवहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आबासाहेब, मला मताला मुकवायचा डाव आहे हा."

"हाय की," आबा प्रामाणिकपणे म्हणाले. "डाव बी खरा, साक्ष बी खरी. दोन्ही एकदम असू शकतं."

रांग शाळेच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत होती. आज रांग मोडून पुढं जा म्हणणारं कुणी नव्हतं, आणि शालनवहिनींनी ते मागितलंही नसतं. कित्येक वर्षं ज्या एका शिक्क्यासाठी त्या उन्हातान्हात फिरल्या, तो त्या खोलीत पेटीशेजारी ठेवलेला होता. इकडं पायरीवर हिंदुराव भिंतीला टेकून त्यांच्याकडं बघत होते. काही मागत नव्हते. काय मागावं हेच त्यांना कळत नव्हतं.

रांगेत सगळ्यात पुढं असलेली म्हातारी हौसाक्का काठी टेकत म्हणाली, "बाटलीचं आम्ही बघतो बया. तू तुझी बरणी सांभाळ."

वैजयंतानं जाऊन गाडीची डिकी उघडून धरली.

कारण हिंदुरावांना पुढं बसवायची सोयच नव्हती. घाट चढायच्या आत नाकानं पुन्हा हाक मारली असती. डिकीतल्या माणसावर नजर ठेवायची तर डिकीतच बसायला हवं. आधी हिंदुरावांना आत सरकवलं, मग पदर खोचून शालनवहिनी शिरल्या, मग कण्हत-कुथत आबा. डॉक्टर बाईंनी हिंदुरावांच्या नाकाशी हवा यावी म्हणून मागची झडप उघडली, चिठ्ठी दिली, आणि गाडीला पत्ता सांगून झाकण लावलं. आणि जे ऐकून पुढं कराडात कुणाचाही विश्वास बसला नाही तसंच झालं. सहाच्या सहा सीटा रिकाम्या, एसी चालू, खिडक्यांना पडदे, आणि सगळे प्रवासी मागं डिकीत.

"पाय काढा, आबासाहेब."

"काढून ठेवू कुठं, वहिनी?"

घाट लागला. हिंदुरावांच्या अंगाला घाम फुटला, डोकं पुन्हा वाहायला लागलं. शालनवहिनींचा हात सवयीनं ओटीतल्या गुळाच्या खड्याकडं गेला. मधेच थांबला. तीस-पस्तीस वर्षांत नवऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. आता काय करायचं ते सुचेना. त्यांनी खडा झडपेतून बाहेर फेकला आणि तो रिकामा झालेला हात नवऱ्याच्या कपाळावर ठेवला.

"शालन," अंधारातून हिंदुराव म्हणाले, "मी प्यालोय का गं?"

"न्हाय."

"मग मला चढलीय कशी?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की. पोटात काय तरी शिजतंय म्हणं."

"तुला पटलं का ते?"

गाडी एका मोठ्या वळणावर झुकली. तिघंही एकमेकांवर घसरले आणि सावरले.

"मला त्यातलं निम्मं बी कळलं न्हाय," शालनवहिनी म्हणाल्या. "पण बसलीय ना हितं."

हिंदुरावांनी त्यावर बराच वेळ विचार केला. विचार पुन्हा पुन्हा निसटत होता, तरी शेवटी त्यांना तो पुरला असावा, कारण त्यांचं डोकं बायकोच्या खांद्यावर कललं. पुढच्या बाजूला, रिकाम्या सीटांना उद्देशून, गाडी मायेनं विचारत होती, "माननीय प्रवासी, गारवा पुरेसा आहे ना?"

"जास्त हाय," आबा मागून ओरडले. पण तिचे कान पुढं होते.